अटलांटाचे परके नागरिक : आउटकास्टचा ‘एटीएलियन्स’ (१९९६)

१/
४ ऑगस्ट १९९६ रोजी अटलांटा येथील शतकमहोत्सवी ऑलिंपिकची सांगता झाली. जगभरातून आलेले पाहुणे परतले. त्यानंतर २३ दिवसांनी, २७ ऑगस्टला, याच शहरातील एकवीस वर्षांच्या दोन तरुणांचा दुसरा अल्बम प्रसिद्ध झाला. आंद्रे बेंजामिन आणि अँटवान पॅटन ही त्यांची नावे. पॅटन ‘बिग बॉय’ या नावाने अधिक ओळखला जातो. जोडीचे नाव ‘आउटकास्ट’, म्हणजे बहिष्कृत. आणि अल्बमचे नाव ‘एटीएलियन्स’. हिप-हॉप संगीताच्या इतिहासात या अल्बमला मानाचे स्थान आहे. एका शहराचा आणि एका समाजाचा दस्तऐवज म्हणून तो वाचला, तर त्यात काय सापडते, याचा हा धागा.

२/
आरंभ शीर्षकापासून करावा लागतो. ‘एटीएल’ हे अटलांटाच्या विमानतळाचे तीन अक्षरी संकेतनाम, प्रवाशांच्या सामानाच्या चिठ्ठीवर छापले जाणारे. त्याला ‘एलियन्स’ हा शब्द जोडून नवे नाव घडवले गेले. इंग्रजीत या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक चित्रपटांतला : परग्रहावरून आलेला जीव. दुसरा अमेरिकी कायद्यातला : जो या देशाचा नागरिक नाही, तो परका.

३/
दुसऱ्या अर्थाला जुना इतिहास आहे. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश रॉजर टेनी यांच्या निकालपत्राद्वारे, आफ्रिकी वंशाची माणसे, मग ती गुलाम असोत वा मुक्त, अमेरिकेची नागरिक असू शकत नाहीत, असे ठरवले. यादवी युद्धानंतर १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तो निकाल रद्दबातल केला. ज्या समाजात हे दोन तरुण जन्मले, त्या समाजाला परका ठरवण्याचे काम देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने एकदा लेखी करून ठेवले होते. एकविसाव्या वर्षी त्यांनी तो शब्द आपल्याच हाताने आपल्या कपाळी लावला. असे करण्यामागची कारणे शोधताना प्रथम न्यूयॉर्कला जावे लागते.

४/
हिप-हॉपचा जन्म ऑगस्ट १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, डीजे कूल हर्कच्या एका घरगुती मेजवानीत झाला, असे परंपरेने मानले जाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिस हे दुसरे केंद्र उभे राहिले. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा हीच या संगीताची भूमी, असा समज रूढ झाला. दक्षिणेत संगीत नव्हते, असे नाही. ह्यूस्टनचे गेटो बॉईज होते, मियामीचे टू लाइव्ह क्रू होते. खुद्द अटलांटाच्या क्रिस क्रॉस या किशोरवयीन जोडीचे गाणे १९९२ मध्ये देशात अग्रस्थानी होते, आणि अटलांटाच्याच अरेस्टेड डेव्हलपमेंट या गटाला १९९३ मध्ये सर्वोत्तम नवोदिताचे ग्रॅमी मिळाले होते. तरीही दक्षिणेचे यश अपवादात जमा होई. शैली ठरवणारे, भाषा ठरवणारे, कोण अस्सल आणि कोण नक्कल हे ठरवणारे लोक अन्यत्र बसत.

५/
३ ऑगस्ट १९९५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील पॅरामाउंट नाट्यगृहात ‘द सोर्स’ या मासिकाचा पुरस्कार सोहळा झाला. दोन किनाऱ्यांमधील वैर त्या रात्री उघड्यावर आले, म्हणून तो सोहळा बहुतेकांच्या स्मरणात आहे. त्याच रात्री सर्वोत्तम नवोदित गट म्हणून आउटकास्टचे नाव पुकारले गेले आणि सभागृहाने हुर्यो उडवली. पुरस्कार घेताना आंद्रे बेंजामिन अडखळत, चिडलेल्या स्वरात थोडेच बोलला. त्याचा आशय इतकाच होता की लोकांची मने बंद आहेत, पण दक्षिणेलाही काही सांगायचे आहे. वय वीस. पुढे हे उद्गार दक्षिणी हिप-हॉपचे ब्रीदवाक्य झाले. त्या रात्री मात्र ते एका गोंधळलेल्या, अपमानित मुलाचे बोलणे होते.

६/
त्या हुर्योचा अर्थ केवळ संगीताच्या आवडीनिवडीत सापडत नाही. १९१० च्या दशकापासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतील राज्ये सोडून उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेली. या प्रक्रियेला इतिहासकार ‘महास्थलांतर’ म्हणतात. कापसाची शेते, वेठीसारखी अर्धेली, झुंडींनी केलेल्या हत्या, मतदानबंदी हे सारे मागे टाकून ती निघाली होती. त्यांच्या मुलानातवंडांसाठी दक्षिण म्हणजे आजीचे गाव, सावकाश बोलणे, चर्च आणि चिखल. दक्षिण म्हणजे भूतकाळ. न्यूयॉर्कच्या सभागृहात बसलेल्या अनेकांचे आजीआजोबा त्याच मातीतून आलेले असणार. तिथला लांबवलेला स्वर ऐकून हसणाऱ्याला आपल्याच घरचा जुना आवाज ऐकू येत होता, आणि तो आपला नसल्याचे त्याला सिद्ध करायचे होते.

७/
प्रत्यक्षात भूतकाळ म्हटली जाणारी ही भूमी वेगाने बदलत होती. १९७० नंतर स्थलांतराची दिशा उलटली. उत्तरेतील कारखाने बंद पडू लागले आणि कृष्णवर्णीय कुटुंबे दक्षिणेकडे परतू लागली. अटलांटा हे त्यांचे मोठे आकर्षण होते. मोरहाऊस व स्पेलमन यांसारखी महाविद्यालये तेथे होती. १९७३ मध्ये मेनार्ड जॅक्सन महापौरपदी निवडून आले. दक्षिणेतील एखाद्या मोठ्या शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. विमानतळाच्या विस्ताराच्या कंत्राटांत अल्पसंख्याक व्यावसायिकांना वाटा मिळालाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता, आणि तो त्यांनी तडीस नेला. शहरातील नव्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या समृद्धीचा एक स्रोत तो विमानतळ होता. अल्बमच्या शीर्षकातील ‘एटीएल’ ही तीन अक्षरे त्याच विमानतळाची.

८/
समृद्धीचा हा इतिहास खरा आहे, पण तो शहराच्या एका भागाचा आहे. बेंजामिन आणि पॅटन शहराच्या नैऋत्येला लागून असलेल्या ईस्ट पॉइंट येथील ट्राय-सिटीज हायस्कूलमध्ये एकत्र शिकले. रिको वेड नावाचा तरुण एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात काम करत असे. त्या दुकानाबाहेर रॅप म्हणून दाखवत या दोघांनी त्याच्यापाशी आपली परीक्षा दिली. वेड, रे मरे आणि स्लीपी ब्राउन या तिघांनी ‘ऑर्गनाइज्ड नॉईझ’ नावाने संगीतनिर्मिती चालवली होती. त्यांची कार्यशाळा म्हणजे लेकवुड हाइट्स भागातील वेडच्या आईच्या घराचे तळघर. जमीन मातीची, जॉर्जियातील लाल मातीची. त्या जागेला सारे ‘डंजन’, म्हणजे अंधारकोठडी, म्हणत आणि तेथे जमणाऱ्या कलावंतांना ‘डंजन फॅमिली’. १९९५ मध्ये देशभर गाजलेले टीएलसीचे ‘वॉटरफॉल्स’ हे गाणे याच तिघांच्या हातचे होते.

९/
आउटकास्टचा पहिला अल्बम एप्रिल १९९४ मध्ये ला-फेस रेकॉर्ड्सने काढला. त्याचे लांबलचक, जोडाक्षरी नाव दक्षिण आणि कॅडिलॅक मोटार या दोहोंचा एकाच दमात उच्चार करणारे होते. चैनीच्या मोटारी, चैनबाज तरुण आणि त्यांच्यामागची तंगी असे त्याचे जग. दहा लाखांहून अधिक प्रतींच्या विक्रीची मान्यता त्याला मिळाली. अशा यशानंतर दुसरा अल्बम पहिल्याची आवृत्ती असावा, अशी बाजाराची अपेक्षा असते. न्यूयॉर्कच्या हुर्योनंतर तर आणखी दोन मार्ग खुले होते : न्यूयॉर्कसारखे बोलायला शिकणे, किंवा न्यूयॉर्कला शिव्या देणे. ‘एटीएलियन्स’मध्ये यांपैकी काहीही झाले नाही.

१०/
मधल्या दोन वर्षांत दोघेही बदलले होते. बेंजामिनने मद्य व अमली पदार्थ सोडले, मांसाहार सोडला आणि तो डोक्याला फेटा बांधून वावरू लागला. तो वेडा झाला, इथपर्यंत चर्चा गेल्या. पॅटनच्या आयुष्यात या काळात एकीकडे घरातील जवळच्या व्यक्तीचे निधन झाले, दुसरीकडे तो पिता झाला. दोघांनी पहिल्या मिळकतीतून ध्वनियंत्रे घेतली आणि डीजे डेव्हिड शीट्स, ऊर्फ ‘मिस्टर डीजे’, याच्या साथीने ती चालवायला शिकले. अल्बममधील बहुसंख्य गाणी ऑर्गनाइज्ड नॉईझची असली, तरी ‘एलिव्हेटर्स’ आणि शीर्षकगीत ही दोन महत्त्वाची गाणी त्यांनी स्वतः रचून ध्वनिबद्ध केली. आपला आवाज दुसऱ्याच्या यंत्रातून जाऊ न देण्याचा हा पहिला टप्पा होता.

११/
या अल्बमचा ध्वनी ऐकणाऱ्यास प्रथम जाणवते ती मोकळी जागा. स्वर प्रतिध्वनीत भिजलेले, खर्जाचा ठोका सावकाश, वाद्ये मोजकी. जमैकाच्या डब संगीताची सावली आणि चर्चमधील गुणगुण एकत्र नांदताना ऐकू येतात. एका गाण्यात तर ढोलाचा ठेका जवळजवळ नाहीच. मानवी आवाज पोकळीत तरंगत राहतो. त्याचे नाव ‘ई.टी.’, म्हणजे पुन्हा परग्रहवासी. सीडीसोबत एक चित्रकथेची पुस्तिका होती आणि तिच्यात हे दोघेच नायक. अवकाशाची कल्पना अशी नाव, ध्वनी आणि चित्र या तिन्हींतून विणलेली आहे.

१२/
अवकाशाच्या जोडीला मातीही आहे. जुलै १९९६ मध्ये, ऑलिंपिकच्या महिन्यातच, ‘एलिव्हेटर्स’ हे गाणे आले आणि बिलबोर्डच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत चढले. त्यात दोघे आपल्या उमेदवारीचे दिवस आठवतात. शेवटच्या कडव्यात जुना शाळासोबती बाजारात भेटतो, तुम्ही आता श्रीमंत झालात असे गृहीत धरतो, आणि गायक त्याला सांगतो की त्याचीही गुजराण महिन्याच्या हिशेबावरच चालते, फक्त कामाचा प्रकार वेगळा. या गाण्यात शहर नकाशासारखे नेमके येते. डिकेटरकडे जाणाऱ्या बसचा क्रमांकही तेथे आहे : ८६.

१३/
इतिहासाच्या अभ्यासकाने या बसपाशी थांबावे. अटलांटाच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेचे नाव ‘मार्टा’. ती शहराभोवतीच्या पाच काउंट्यांसाठी कल्पिली गेली होती. १९६५ मध्ये कॉब काउंटीच्या मतदारांनी तिच्यात सामील होण्यास नकार दिला. १९७१ मध्ये ग्विनेट आणि क्लेटन यांनी. शाळांचे वर्णविभाजन संपत असताना श्वेतवर्णीय कुटुंबे उपनगरांत निघाली होती, आणि शहरातून तेथे बस वा रेल्वे येऊ नये, ही त्यांची इच्छा लपून राहिली नव्हती. अखेर फुल्टन आणि डिकाल्ब या दोनच काउंट्यांत मार्टा धावली. गाण्यात आलेला बसचा क्रमांक म्हणजे कोणाला कुठपर्यंत जाता येईल, हे मतपेटीने ठरवलेल्या शहराची खूण आहे. अवकाशयानाची भाषा करणारे हे तरुण रोज ज्या वाहनातून जात, त्याची हद्दही वर्णाने आखलेली होती.

१४/
आता ऑलिंपिक. सप्टेंबर १९९० मध्ये टोकियो येथील बैठकीत अटलांटाने अथेन्ससारख्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून यजमानपद मिळवले. ‘द्वेष करायलाही ज्याला सवड नाही, असे शहर’ ही ख्याती अटलांटाने १९५० च्या दशकापासून जोपासली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मगाव, नागरी हक्क चळवळीचे केंद्र, उद्योगस्नेही आणि शांत, अशी ती प्रतिमा. स्पर्धेचे बोधचिन्ह म्हणून संगणकावर रेखाटलेला एक निळा प्राणी निवडला गेला. तो कोणत्याच जातीचा नव्हता. त्याचे मूळ नावच ‘हे काय आहे?’ या प्रश्नावरून घडवलेले होते. पुढे ते ‘इझी’ असे लाडके केले गेले. या प्राण्याची भरपूर टिंगल झाली. शहराने जगापुढे स्वतःची ओळख म्हणून जे ठेवले, त्याला मूळ नव्हते, कूळ नव्हते आणि गाव नव्हते. एका अर्थी अटलांटाचा पहिला अधिकृत परग्रहवासी तोच.

१५/
ऑलिंपिक नगरीच्या शेजारी टेकवुड होम्स ही वसाहत होती. तिचे उद्घाटन १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी केले. संघराज्याच्या निधीतून उभी राहिलेली ती अमेरिकेतील पहिली सार्वजनिक गृहवसाहत मानली जाते. त्या जागी आधी असलेली मिश्र वस्ती पाडली गेली आणि नव्या घरांत केवळ श्वेतवर्णीयांना प्रवेश मिळाला. १९६८ मध्ये ती बंदी उठली. पुढे वसाहत जवळजवळ पूर्णतः कृष्णवर्णीय आणि दरिद्री झाली. ऑलिंपिकच्या तयारीत ती पाडण्यात आली. तिच्या जागी संमिश्र उत्पन्नगटांसाठी नवी वसाहत उभारली गेली. जुन्या रहिवाशांपैकी बहुतेकांना तेथे परतता आले नाही. एकाच जमिनीवरून साठ वर्षांत दोनदा गरिबांना उठवले गेले, आणि दोन्ही वेळा कारण सुधारणेचे होते.

१६/
शहराच्या दक्षिणेला, समरहिल या जुन्या कृष्णवर्णीय मोहल्ल्यात, मुख्य स्टेडियम बांधले गेले. १९६० च्या दशकातील महामार्ग आणि आधीचे स्टेडियम यांनी या मोहल्ल्याचे लचके तोडलेलेच होते. बेघरांना शहराबाहेर नातेवाइकांकडे जाण्यासाठी एकेरी बसतिकिटे देण्याचा उपक्रमही याच काळातला. पाहुण्यांच्या नजरेला जे पडू नये, ते हलवले गेले. आपल्याच गावात माणूस परका कसा होतो, याची प्रक्रिया अशी तपशिलात पाहिली, म्हणजे ‘एलियन’ हा शब्द रूपक राहत नाही. तो प्रशासकीय अनुभवाचे वर्णन ठरतो.

१७/
दुसरी गोष्ट प्रतीकांची. १९९६ मध्ये जॉर्जिया राज्याच्या अधिकृत ध्वजावर गुलामगिरीच्या रक्षणासाठी लढलेल्या कॉन्फेडरेट सैन्याचे युद्धचिन्ह होते. ते १९५६ मध्ये, शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या न्यायनिर्णयानंतर दोनच वर्षांनी घातले गेले आणि २००१ पर्यंत राहिले. गव्हर्नर झेल मिलर यांनी ऑलिंपिकपूर्वी ते हटवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. टेनिस व तिरंदाजीच्या स्पर्धा शहराबाहेरील स्टोन माउंटन परिसरात झाल्या. त्या पर्वताच्या कातळावर कॉन्फेडरेट नेत्यांची भव्य शिल्पे कोरलेली आहेत आणि १९१५ मध्ये कु क्लक्स क्लॅनची पुनःस्थापना तेथेच झाली होती. शांततेचा सोहळा या कातळाच्या छायेत पार पडला. दक्षिणेचा भूतकाळ कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न तेथे दगडात उभा होता.

१८/
येथे एक सावधगिरी हवी. ‘एटीएलियन्स’ हा ऑलिंपिकविरोधी जाहीरनामा नाही. टेकवुडच्या पाडकामावर त्यात गाणे नाही, ध्वजावर भाष्य नाही. एखाद्या कलाकृतीवर तिने न बोललेले लादणे हा इतिहासलेखनातला जुना दोष आहे. मात्र साधन म्हणून कलाकृतीचे मोल तिच्या घोषणांपुरते नसते. ज्या उन्हाळ्यात शहर स्वतःचे चकचकीत चित्र जगाला विकत होते, त्याच उन्हाळ्यात त्याच शहरातील दोन मुलांना आपल्या असण्याचे सर्वांत अचूक नाव ‘परके’ हे वाटले, आणि लाखो श्रोत्यांना ते पटले. ही नोंद नगरपालिकेच्या कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

१९/
परकेपणाचा हा स्वीकार रडगाण्यात का संपला नाही, याचे उत्तर एका जुन्या परंपरेत आहे. जॅझ संगीतकार सन रा याने आपण शनी ग्रहावरून आल्याचे आयुष्यभर सांगितले. जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट या गटाने १९७५ मध्ये आपल्या अल्बमातून अवकाशयानच उतरवले. सन रा जन्मला अलाबामातील बर्मिंगहॅममध्ये, क्लिंटन नॉर्थ कॅरोलायनातील कॅनापोलिसमध्ये. दोघेही दक्षिणेचे, आणि दोघांचीही कीर्ती दक्षिण सोडल्यावर झालेली. १९९० च्या दशकाच्या आरंभी समीक्षक मार्क डेरी यांनी या प्रवाहाला ‘आफ्रोफ्यूचरिझम’ हे नाव दिले. अपरिचित जीवांनी जहाजात कोंडून नेणे, अज्ञात भूमीवर उतरवणे, नाव आणि भाषा हिरावणे ही विज्ञानकथेतील भीतीची दृश्ये या समाजाच्या पूर्वजांवर प्रत्यक्ष गुदरली होती, अशी या विचारामागची जाण आहे.

२०/
आउटकास्टने या परंपरेत केलेली भर लहान दिसते, पण निर्णायक आहे. सन रा आणि क्लिंटन यांचे अवकाश दक्षिणेपासून दूर होते. आउटकास्टचे अवकाशयान दक्षिणेतच आहे. ते कॅडिलॅक मोटारीत आहे, ८६ क्रमांकाच्या बसमध्ये आहे, लाल मातीच्या तळघरात आहे. ज्या भूमीला साऱ्यांनी भूतकाळ ठरवले होते, तिला त्यांनी भविष्यकाळात नेऊन ठेवले. न्यूयॉर्कच्या हुर्योला दिलेले खरे उत्तर हे होते. तुम्ही मागे आहात, या आरोपावर ‘आम्ही तुमच्या बरोबरीने आहोत’ असे म्हणणे म्हणजे आरोप करणाऱ्याचेच घड्याळ मान्य करणे. या दोघांनी घड्याळच बदलले.

२१/
हे घडले भाषेमुळे. उच्चार सपाट करून घेण्याची सोय असताना त्यांनी दक्षिणी स्वर लांबवले, व्यंजने गिळली आणि हे सारे वेगवान, काटेकोर शब्दफेकीत बसवले. गाण्यांच्या शीर्षकांतही बोलीचा उच्चार तसाच छापला गेला : ‘व्हील्झ’, ‘ओव्हा द वुड्झ’. प्रमाण लेखनाच्या दृष्टीने या चुका. बोलीच्या दृष्टीने ही नोंदणी. बेंजामिनचे कथन तर्काने, थांबत, स्वतःला प्रश्न विचारत जाते. पॅटनचे झपाट्याने, ठेक्याला चिकटून. अध्यात्म आणि व्यवहार असे या दोघांचे सोपे वाटप पुष्कळदा केले जाते. ऐकताना ते टिकत नाही. घरातल्या मृत्यूचा उल्लेख पॅटनच करतो, आणि पैशाचा हिशेब बेंजामिन मांडतो.

२२/
या अल्बमच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. ‘जॅझी बेल’ या गाण्याचे नाव ‘जेझबेल’ या बायबलमधील स्त्रीनामावर केलेला श्लेष आहे. इतिहासकार डेबोरा ग्रे व्हाइट यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीय स्त्रीला ‘जेझबेल’, म्हणजे स्वभावतःच वासनासक्त, ठरवून तिच्यावरील मालकांच्या अत्याचारांवर पांघरूण घातले गेले. गाण्यातील तरुण आपल्या जुन्या वागण्याचीही उलटतपासणी करतात; तरीही उपदेशाचा रोख स्त्रियांच्या शीलाकडे वळतो, आणि मालकांच्या कोठारातला शब्द नव्या पिढीच्या तोंडी येतो. ‘एलियन’ हा शब्द ज्यांनी उलटवला, त्यांना ‘जेझबेल’ उलटवता आला नाही. स्वतःवरचा कलंक ओळखण्याइतके दुसऱ्यावरचा ओळखणे सोपे नसते, हे येथे दिसते.

२३/
अखेरीकडचे एक गाणे म्हातारपणाविषयी आहे. एकवीस वर्षांच्या मुलांनी वृद्धत्वावर गाणे रचावे, हे प्रथम विचित्र वाटते. त्या वर्षांतील अमेरिकी शहरांचा विचार केला, म्हणजे विचित्रपणा ओसरतो. अमली पदार्थांचा व्यापार, बंदुका आणि लांबलचक तुरुंगवास यांनी तरुण कृष्णवर्णीय पुरुषांची एक पिढी पोखरली होती. अल्बम आल्यानंतर सतराव्या दिवशी, १३ सप्टेंबरला, टुपाक शकूर पंचविसाव्या वर्षी गोळ्यांच्या जखमांनी मरण पावला. पुढच्या मार्चमध्ये नोटोरियस बी.आय.जी. चोविसाव्या वर्षी मारला गेला. सोर्स सोहळ्यात उघड झालेल्या वैराच्या दोन बाजूंचे हे दोन सर्वांत मोठे आवाज. अशा काळात म्हातारे होण्याची कल्पना करणे, ही भविष्यावर केलेली साधी, गंभीर मागणी होती. परग्रहापेक्षाही दूरची.

२४/
अल्बम बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर दाखल झाला आणि वीस लाख प्रतींच्या विक्रीची मान्यता त्याला मिळाली. दोन वर्षांनी आलेल्या ‘अक्वेमिनाय’मध्ये जॉर्ज क्लिंटन स्वतः पाहुणा म्हणून आला. २००४ मध्ये आउटकास्टच्या दुहेरी अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. तोवर हिप-हॉपचा गुरुत्वमध्य अटलांटाकडे सरकला होता. ज्या स्वराची टिंगल झाली, तो स्वर देशभरातील तरुण उचलू लागले. आणि ‘एटीएल’ ही सामानावरची अक्षरे शहराचे घरगुती नाव झाली.

२५/
शहराचे काय झाले, तेही सांगायला हवे. टेकवुडनंतर अटलांटाने आपल्या इतर मोठ्या सार्वजनिक कुटुंबवसाहतीही टप्प्याटप्प्याने पाडल्या. समरहिलमधील ऑलिंपिक स्टेडियम बेसबॉलसाठी ब्रेव्हज संघाला मिळाले. २०१७ मध्ये तो संघ नव्या स्टेडियममध्ये गेला. ते कॉब काउंटीत आहे. १९६५ मध्ये ज्या काउंटीने मार्टाला नकार दिला, तीच ही. तेथवर मार्टाची रेल्वे आजही जात नाही.

२६/
लेकवुड हाइट्समधील रिको वेडच्या आईचे ते घर २०१९ मध्ये बिग बॉयने विकत घेतले. वेड २०२४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, निवर्तला. ऑलिंपिकच्या वर्षातील निळ्या इझीची आठवण आता संग्राहकांपुरती उरली आहे. ज्या तळघराला ना पाया होता ना फरशी, ते मात्र जपले गेले, आणि ते जपण्याचे काम शहराने केले नाही. तेथे वाढलेल्या मुलांपैकी एकाने केले. परके ठरवलेल्यांना आपले दफ्तरखाने बहुधा स्वतःच सांभाळावे लागतात.

(धागा समाप्त)